आमच्या वाचनकट्ट्यातली केतकी

बाल्कनीत रेती साठते ना, तसे आमच्या वाचनकट्ट्याचे किस्से साठलेत. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये माझ्याच घरी जमतो आम्ही मराठी बायका. आखातात नोकरीला आलेल्या फिलिपिनो बायकांनी लिहिलेल्या कथा इंग्रजीतून वाचतो. ही कल्पना माझी. माझ्या ऑफिसातल्या फिलिपिनो ग्रेसला कट्ट्यावर आणलं तेही मीच. मग केतकी आली!

*

नियम माझा होता: वाचताना जी रडेल, तिनं पुढच्या वेळी खाणं आणायचं.

केतकी पहिल्याच दिवशी म्हणाली, "रडण्याला दंड? किती पुरुषी!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम खलास. वर पुढच्या वेळचं खाणं माझ्याच गळ्यात पडलं.

*

एका कथेत नायिका जिन्यावरून पडते, स्मृती जाते, लग्नाच्या दिवशी परत येते. मी हसून म्हटलं, "अगदी सिरियल!"

केतकी म्हणाली, "जिला दिवसभर 'येस मॅडम' म्हणावं लागतं, तिची कथा किंचाळणारच. हा मेलोड्रामा म्हणजे तिचा आवाज आहे."

"वा!" ग्रेस म्हणाली. मला कधी म्हणाली नव्हती. चहा कडू लागला हो मला!

*

पुढच्या वेळी मी तयारीनं बसले. म्हटलं, "नायिकेचं ढसाढसा रडणं हा खरं तर निषेध आहे."

केतकी गोड हसली. "हो ना, मागच्या वेळी मी तेच म्हटलं होतं."

*

मग ग्रेस केतकीच्या गाडीतून फुजैराला फिरायला गेली. मी नवऱ्याला म्हटलं, "आपणही जाऊ."

"काय आहे तिथे?"

"ग्रेस!"

*

आणि मग ग्रेसनं स्वतःची कथा आणली. नायिका कित्येक वर्षांनी मनिलाला परतते आणि एअरपोर्टवरच बहिणीच्या थोबाडीत मारते.

या वेळी केतकीच्या आधी मी! "ही थप्पड बाईला घर सोडायला लावणाऱ्या व्यवस्थेला आहे!"

"छे, ती स्वतःलाच मारतेय," केतकी म्हणाली. "हे प्रतीक आहे."

"व्यवस्था!"

"प्रतीक!"

"मी मारली होती," ग्रेस म्हणाली. "माझ्या बहिणीला. माझी मुलगी तिला ममा म्हणाली म्हणून."

केतकीनंच हळूच विचारलं, "मग मुलगी काय म्हणाली?"

ग्रेस कागद आवरत होती.

"काही नाही. तिनं माझ्या थोबाडीत मारली."