सुताने बांधलेली कॉइल

कणकवलीहून निघताना गिटार गोधडीत गुंडाळून घेतली. तिची पेटी वाळवीने केव्हाच संपवली होती. गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईंनी त्या लांबड्या गाठोड्याकडे बराच वेळ पाहिले आणि शेवटी विचारलेच.

"काका, वल्हं घेऊन मुंबईला?"

"गिटार आहे. विजेवर वाजणारी."

"या वयात?"

"या वयातच," मी म्हणालो. त्या हसल्या आणि मला एक केळे दिले.

गिटार पुण्याच्या एका संग्राहकाला हवी होती. ती किती सालची, तिच्यात काय काय बदलले आणि कुणी बदलले, हे जाणकाराकडून लिहून आणा, असे त्याने कळवले होते. माझा प्रवास त्या शेवटच्या प्रश्नासाठी होता. या गिटारीचा जाड, घुमणारा आवाज आमच्या ऑर्केस्ट्राची ओळख होता. तो आवाज देणारी कॉइल, म्हणजे तारांची थरथर पकडणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी, मीच वळली असे मी चाळीस वर्षे सांगत आलो. ती शालनवहिनींनी वळली होती. माझा ढोलकीवाला मित्र दत्ताराम परब, त्याची ही बायको. दत्ता वारला. वहिनी अजून लालबागच्या त्याच चाळीत राहतात. कागदावर त्यांचे नाव आल्याशिवाय गिटार विकायची नाही, असे ठरवून मी निघालो होतो.

दादरला उतरलो तेव्हा फुलबाजार भरात होता. झेंडूच्या ढिगांमधून गाठोडे उभे धरून चालताना एका हमालाने "आजोबा, झेंडा आडवा करा" असे दटावले. पुलापलीकडच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तर्री (वरचा तिखट रस्सा) इतकी जहाल होती की डोळे पुसत बसलो. वेटरने न मागता ताक आणून ठेवले आणि म्हणाला, "गाववाले ना? सवय नाय ऱ्हात."

तिथून टॅक्सीने गिरगाव. मोठ्या रस्त्यावरून आत वळले की अजून लाकडी जिन्यांची, रंगीत कठड्यांची घरे दिसतात. त्यातल्या एका घराच्या ओसरीवर लॉरेन्सचे दुकान आहे. हा साठीकडे झुकलेला माणूस जुन्या गिटारी दुरुस्त करतो, त्यांचे वय आणि मोल सांगतो. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, टेबलावर भिंग, आणि शेजारच्या खिडकीतून तळल्या जाणाऱ्या बोंबलांचा वास.

गोधडी सोडताच तो उठून उभा राहिला.

"ही? ही तुमच्याकडे आहे? म्हणजे तुम्ही ते!" त्याने माझा हात धरून जोरजोरात हलवला. "अंकल, मी कॉलेजात होतो. तुमचा शो बघून स्टेजमागे आलो होतो. विचारलं, हा आवाज कसा काढला? तुम्ही काय म्हणालात आठवतं?"

मला आठवत नव्हते. पण काय म्हणालो असेन ते माहीत होते.

"म्हणालात, 'हाताची करामत आहे, पोरा.'"

मी पाणी मागितले.

त्याने गिटार उघडली. मानेमागची पट्टी, आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांखालचे ठसे, लाकडाचा सांधा, सगळे सावकाश पाहिले. गिटार जपानी होती, साठच्या दशकातली. अंगावरच्या सोनेरी रंगाला नख लावून तो म्हणाला, "हा गिटारीचा रंगच नाही. मूर्तीचा आहे."

खरेच होते. आमच्या ऑर्केस्ट्रात एक मूर्तिकार होता. गणपतीचे मुकुट रंगवून उरलेला सोनेरी रंग त्याने गिटारीला दिला होता.

"मूळ रंगात असती, मूळ कॉइल असती, तर चांगली किंमत आली असती," लॉरेन्स कागदावर किमतीचा आकडा मांडत म्हणाला. "बदललेल्या गिटारीची निम्मी होते. हा धंद्याचा नियम."

मग त्याने कॉइल बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. तांब्याच्या वेढ्यांवर चिकटपट्टीऐवजी पांढरे सूत घट्ट गुंडाळले होते. तो कपाटाकडे गेला आणि बिस्किटांचा एक डबा घेऊन आला. डब्यात तशाच कॉइली होत्या, सगळ्या सुताने बांधलेल्या.

"जुन्या बेंजोंमधून निघाल्या," तो म्हणाला. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाला वीज जोडून केलेले मिरवणुकीतले वाद्य. "परळ, भायखळा, वरळी, सगळीकडून येतात. एकही मेलेली नाही. मी गिऱ्हाइकांना तुमचंच नाव सांगतो, अंकल."

मी एका कॉइलबद्दल खोटे बोललो होतो. ते खोटे असे डबाभर झाले होते.

"यातली एकही माझी नाही," मी म्हणालो आणि सगळे सांगितले. गिरण्यांचा संप लांबत चालला होता, घरात पगार नव्हता. संपकऱ्यांच्या मदतीसाठी गणपतीत आमचा कार्यक्रम ठरला आणि आदल्या आठवड्यात गिटार मुकी झाली. वहिनी गिरणीत वाइंडिंग खात्यात (सूत नळ्यांवर गुंडाळण्याचे खाते) होत्या. त्यांनी जुन्या रेडिओतली केसासारखी तार सोडवली आणि शेजारणीच्या शिलाई मशीनच्या बॉबिनवर नवी कॉइल वळली. कार्यक्रमात निवेदकाने माईकवर विचारले, ही जादू कुणाची? मी हात वर केला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

लॉरेन्सने भिंग खाली ठेवले. "अंकल, काल तुम्ही म्हणत होता मी केली. आज म्हणता वहिनीनं केली. उद्या तिसरं नाव आणाल. मी माझ्या सहीनं काय लिहू?"

रागवायला जागाच नव्हती. मी गिटार बांधायला लागलो. तो पुन्हा भिंगातून कॉइलींकडे पाहू लागला होता.

"थांबा. सुताच्या टोकाला ही गाठ आहे ना, ती गिरणीतली. पण उलटी पडलीय. सगळ्या कॉइलींवर उलटीच. मला वाटायचं तुमची काही खूण असेल."

"वहिनी डावखुऱ्या आहेत," मी म्हणालो.

लॉरेन्सने दुकानाला कुलूप लावले आणि डबा काखेत मारला.

लालबागची चाळ अजून उभी आहे, मागे मात्र काचेचा मनोरा इतका उंच की चाळीच्या अंगणात दुपारीच सावली. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. केस पांढरेशुभ्र, नजर पूर्वीसारखीच धारदार.

"भावजी? वाट चुकलात की पत्तो?"

"दोन्ही, वहिनी. फार वर्षं."

"दत्ताक जाऊन किती वर्सां झाली! तेव्हा तरी येवचां."

लॉरेन्सने लगबगीने डबा पुढे केला. वहिनींनी एक कॉइल उचलली, उजेडात धरली.

"ह्यो माझ्याच. तुमका खंय गावल्यो?"

"तुम्हीच कशावरून, आंटी?" लॉरेन्सने विचारले आणि खिशातून सुताचे रीळ काढले. "सूत तुटलं तर कसं जोडायचात?"

"ह्या काय विचारना झाला?" त्यांनी सूत घेतले, दातांनी तोडले आणि मला रागे भरता भरताच डाव्या हाताच्या बोटांत टोके फिरवली. "भावजी, तुम्ही सुकलात किती! गावाक कोण जेवूक घालता की नाय?" बोलणे संपण्याआधी गाठ झाली होती. हाताकडे त्यांनी पाहिलेही नव्हते.

लॉरेन्स भिंग घेऊन उंबऱ्यातच बसला. डब्यातली गाठ, हातातली गाठ, पुन्हा डब्यातली. मग त्याने भिंग माझ्या हातात दिले. दोन्ही गाठी एकसारख्या, उलट्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

मी वहिनींना म्हणालो, "त्या दिवशी हात मी वर केला. तो तुमचा होता. माफी मागायला आलोय."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "माका वाईट वाटलां, भावजी. खोटां कित्याक सांगू? दत्ता चार दिस तुमच्यावांगडा बोलूक नाय. पण मगे मजा झाली." त्या हसू लागल्या. "बेंजोवाले तुमच्याकडे येयत, कॉइल वळून द्या म्हणान. तुम्ही दारच उघडीत नव्हतात!"

हे मात्र मला लख्ख आठवत होते. मी आजारपणाची सोंगे करायचो.

"ते सगळे थंयसून माझ्याकडे येयत. गिरणी बंद झाली, दत्ताक काम नाय. घर ह्या तारेर चाललां. पोरगी शिकली, नर्स झाली. जाहिरात तुमची, धंदो माझो!"

जेवण झाल्याशिवाय त्यांनी उठू दिले नाही. बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले (दाट, आंबट-तिखट कालवण) आणि भात. लॉरेन्सने तीनदा वाढून घेतले.

ऊन उतरल्यावर आम्ही परळच्या बाजूला चालत गेलो. वहिनींना त्यांचे खाते जिथे होते ती जागा दाखवायची होती. तिथे आता कार्यालयांची इमारत आहे. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "किसको मिलना है?"

"कोणाक नाय. मी हयसर काम करी," वहिनी म्हणाल्या. त्याला मालवणी कळली नसावी, पण सूर कळला. त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या नाहीत. इमारतीकडे बोट करून त्यांनी लॉरेन्सला यंत्रांची रांग कुठून कुठवर होती ते सांगितले.

परतलो तेव्हा चाळीच्या अंगणात बेंजोवाल्यांची तालीम सुरू होत होती. लॉरेन्सने कॉइल परत बसवली आणि गिटार त्यांच्या स्पीकरला जोडली. माझी बोटे वाकडी झाली आहेत, पण पहिला सूर निघाला आणि वरच्या गॅलऱ्यांतून माणसे डोकावली. ताशेवाल्याने आपणहून ठेका धरला. बेंजो मागोमाग आला. दोन वाद्यांचा आवाज एकाच घरातल्या भावंडांसारखा होता. बेंजोवाला ओरडला, "काका, कॉइल कोणाची?"

मी वाजवणे थांबवले. या वेळी कुणाच्याही हातात माईक नव्हता, म्हणून घसा ताणून सांगावे लागले. "शालन परब! तिसऱ्या मजल्यावरच्या!"

"ते माहितीय हो," तो म्हणाला. "माझ्या बेंजोत पण आजीचीच आहे. तुमच्यातही तिचीच का, ते विचारतोय!"

अंगणभर हशा पिकला. गिरणगावाला खरे नाव पहिल्यापासून ठाऊक होते. फक्त स्टेजवर आणि गिरगावच्या दुकानात ते पोहोचायचे राहिले होते. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. अंगणातल्या सगळ्यांनी वर पाहून टाळ्या वाजवल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि अजिबात लाजल्या नाहीत.

लॉरेन्सने तिथेच, ताशावर कागद ठेवून लिहिले. घडण जपानी, साठचे दशक. रंग लालबागच्या मूर्तिकाराचा. कॉइल संपाच्या वर्षातली, कारागीर शालन दत्ताराम परब, या घडणीची पहिली. किमतीपुढचा सकाळचा आकडा त्याने खोडला आणि दुपटीहून मोठा लिहिला.

"आणि धंद्याचा नियम?" मी विचारले.

"नियम बदललेल्या गिटारीला. ही बदललेली नाही, अंकल. ही इथं पुरी झाली."

तो कागद पुण्याला गेला नाही. संग्राहकाला मी नकार कळवला आणि गिटार वहिनींना देऊन टाकली. गिटार लॉरेन्सच्या दुकानात दर्शनी काचेमागे आहे, वहिनींच्या मालकीची, त्यांच्या नावाच्या पाटीसकट. विकायची की नाही ते त्या ठरवतील. सध्या म्हणतात, "ऱ्हांवदे, लोकांका बघूं दे."

परतीच्या गाडीत मला चांगली झोप लागली. माणूस खोटे एकदाच बोलतो असे मला वाटायचे. खरे म्हणजे ते दर वेळी नव्याने बोलावे लागते, आणि वय झाल्यावर त्याचा शीण येतो. रत्नागिरीच्या पुढे फोन वाजला. लॉरेन्स होता.

"अंकल, भायखळ्याहून एक बेंजो आलाय. उघडलाय. सूत आहे. गिऱ्हाईक विचारतंय, कोणाचं काम? तुम्हीच सांगा, स्पीकर चालू केलाय."

गाडीच्या डब्यात माणसे होती. मी उभा राहिलो आणि नाव सांगितले, पूर्ण, मोठ्याने.