लांबट चेंडूचा हंगाम

आमच्या कॉलेजात त्या वर्षी गणित शिकवायला एक तरुण गोरे प्रोफेसर आले आणि येताना विलायतेहून एक चेंडू घेऊन आले. चेंडू गोल नव्हता, भोपळ्यासारखा लांबट होता. तो छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं, आणि कसाही करून तो त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, असा खेळ. एका बाजूला पंधरा जण. कॉलेज मुंबईत असलं तरी संघातले नऊ जण ठाण्याचे आणि कल्याणचे होते. म्हणून शनिवारी-रविवारी सराव ठाण्यालाच, खाडीकडच्या मोकळ्या जागेत व्हायचा. चेंडू कातड्याचा, त्यामुळे टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी आल्यावर आई मला मागच्या दारी विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय आत घेत नसे.

आमचा कप्तान कल्याणचा होता. रुंद खांद्यांचा, बोलायला हळू. त्याचे वडील कोर्टात कारकून होते आणि त्यांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "गोऱ्यांच्या झोंबाझोंबीत तू दिसलास तर कॉलेज बंद." म्हणून तो घरी सांगायचा, की ठाण्याला माझ्याकडे अभ्यासाला जातो. मी त्या खोट्यात सामील होतो.

पहिला सामना आम्ही पलटणीतल्या सोल्जरांशी हरलो, दुसरा एका जिमखान्याशी. एकदाही चेंडू रेषेपलीकडे गेला नाही. आम्ही धोतराचा काचा मारून अनवाणी खेळत होतो, ते बूट घालून. एका सोल्जरानं आमच्यातल्या एकाला शेंडीला धरून आडवा केला, तेव्हा बघणारे हसले. त्या हसण्यानं आम्हाला वेड लागलं. एक तरी सामना जिंकायचाच, याखेरीज दुसरं काही सुचेना. पुस्तक उघडलं तरी डोळ्यांपुढे ती रेषा यायची.

तिसरा सामना माघात, कल्याणला, रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हर आणि फिटर लोकांशी. त्यांचं मैदान गावापासून दूर, इंजिनांची राख टाकून सपाट केलेलं होतं. अर्धा खेळ झाला तेव्हा कप्तान चेंडू घेऊन सुटला, दोघांना झटकून पुढे गेला आणि रेषेच्या चार हात अलीकडे पडला. उठला तेव्हा डाव्या टाचेत पत्र्याचा तुकडा रुतला होता. त्यानं तो स्वतःच उपसला आणि शेवटपर्यंत खेळला. आम्ही हरलो.

संध्याकाळी तळ्यावर बसून मी त्याचा पाय धुतला. जखम लहान होती, पण खोल.

"घरी काय सांगू?" त्यानं विचारलं.

"काही सांगू नकोस," मी म्हणालो. "कळलं तर पुढचा सामना गेला. हळद भर, चिंधी बांध, चार दिवसांत सुकेल."

हे शब्द माझेच. तो सांगायला तयार होता.

आठव्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तर तो माजघरात बसला होता. म्हणाला, "सकाळपासून तोंड नीट उघडत नाही रे. भाताचा घास आत जात नाही." त्याची आई म्हणाली, दाढ सुजली असेल. तेवढ्यात त्याचं अंग मागे ताणलं गेलं, मान वाकडी झाली आणि तो धनुष्यासारखा वळला. चेहऱ्यावर हसल्यासारखं काहीतरी होतं. तसं हसू मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

मी स्टेशनाकडे धावलो, ठाण्याला उतरलो आणि ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन दुपारी परत आलो. त्यांनी अंगभर पाहिलं आणि विचारलं, "जखम कुठे आहे?"

"जखम नाही हो," आई म्हणाली.

"डाव्या टाचेला," मी म्हणालो. "आठ दिवस झाले."

त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन गेले. "धनुर्वात आहे. झोपेचं औषध देतो. खोलीत अंधार ठेवा. आवाज अजिबात नको. भांडं वाजलं तरी आकडी येईल आणि एखाद्या आकडीत श्वास अडकेल."

"वाचेल ना?" आईनं विचारलं.

"दहा दिवस काढले तर बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून संघातले सगळे येऊ लागले. वडिलांनी आम्हाला आत घेतलं नाही, हाकललंही नाही. आम्ही आळीच्या दोन्ही तोंडांशी पाळीनं उभे राहायचो. बैलगाडी आली की बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढायला लावायचो. पलीकडे भांडी ठोकत बसणाऱ्या कासाराच्या हातापाया पडलो. त्यानं चार दिवस दुकान बंद ठेवलं. प्रोफेसरही एकदा आले. कोपऱ्यावर बूट काढून, हातात धरून, मोजे घातलेल्या पायांनी दारापर्यंत गेले. वडील उंबऱ्यात उभे राहिले, बाजूला झाले नाहीत. प्रोफेसर तसेच परतले.

सहाव्या दिवशी सकाळी वाजंत्री ऐकू आली. लग्नाला निघालेल्या नवरदेवाची मिरवणूक कप्तानाच्या आळीत वळत होती. आम्ही अकरा जण होतो. कुणी काही सांगितलं नाही, तरी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून आम्ही रस्ताभर आडवे झालो, खेळात व्हायचो तसे.

नवऱ्या मुलाचे आजोबा पुढे आले. "बाजूला व्हा रे! मुहूर्त टळतोय."

"आजोबा, घरात धनुर्वाताचा रोगी आहे. आवाज झाला तर जाईल तो. पलीकडच्या आळीनं जा, पाया पडतो."

"म्हणजे नवरदेवाला चोरासारखा नेऊ? शुभकार्यात अपशकुन करता?"

मागून चारपाच जणांनी आम्हाला ढकललं. आम्ही हललो नाही. हंगामभर आम्ही कुणालाच असं थोपवून धरलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी पाय रोवून उभा होतो.

तेवढ्यात सनईवाल्यानं सनई ओठांवरून काढली. म्हातारा माणूस होता. "माझा भाऊ ह्याच दुखण्यानं गेला," तो आजोबांना म्हणाला. "ही आळी संपेपर्यंत मी फुंकणार नाही. माझी बिदागी कापा." संबळवाल्यानं आपणहून कातड्यावर पंजा ठेवला. आजोबांनी घोड्याचा लगाम स्वतः धरला. आम्ही वाट दिली. मिरवणूक पावलंही न वाजवता गेली. बायकांनी हातातल्या बांगड्या पदरात दाबून धरल्या होत्या.

शेवटचा माणूस कोपऱ्यावर वळला आणि आतून फुलपात्र पडल्याचा आवाज आला. कुणाच्या तरी हातून निसटलं होतं. मग त्याच्या आईची किंकाळी. ती आकडी बराच वेळ राहिली. आम्ही रस्त्यावर उकिडवे बसून राहिलो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तो गेला नाही. विसाव्या दिवशी जबडा सैल पडला आणि चमच्यानं पेज जाऊ लागली. पण आकड्यांनी पाठीचा कणा कुठेतरी दबला होता. तो उठला तो पुढे वाकलेला, आणि तसाच राहिला. त्याचं कॉलेज सुटलं. चौथा सामना झाला नाही. प्रोफेसरांनी तो खेळ पुन्हा काढला नाही.

पेज सुरू झाल्याचं कळलं तेव्हा मी दाराशी गेलो. वडील बाहेर आले.

"एकदा भेटू द्या," मी म्हणालो.

"तुम्ही पंधरा जण होतात," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आठ दिवस होते तुमच्याकडे. एकानंही येऊन मला सांगितलं नाही."

"सांगू नकोस असं मीच त्याला म्हणालो होतो."

"ठाऊक आहे मला. त्यानं सांगितलं. तो तुझ्यावर रागावलेला नाही. मी आहे. मी असेतो ह्या दारी येऊ नकोस."

मी त्यांचा शब्द मोडला नाही. ते पुढे सोळा वर्षं जगले. त्यांच्या तेराव्याला मी कल्याणला गेलो. माझा मित्र ओटीवर पाटावर बसला होता, हनुवटी छातीशी आलेली, डोक्याचं मुंडण केलेलं. त्यानं मान वळवली नाही, सगळं अंगच माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "बस ना. जेवून जा."