लाल बटणावरचं बोट

गाण्यांचे शौकीन मी गावोगावी पाहिले, पण गाणं लागलं की अख्ख्या घराला श्वास रोखायला लावणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी त्यांना मामाजी म्हणतो, ते मला जवाईबापू म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा बालाघाटला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दारात पाय धुवायला पाणी मिळालं, कपाळाला टिळा लागला, आणि मी वाकून 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं तोच मामाजींनी तर्जनी उभी केली. मी तसाच वाकलेला राहिलो. घरात रेडिओवर गाणं चालू होतं आणि रेडिओच्या तोंडाला तोंड लावून टेप ठेवला होता. गाणं संपलं, खट्‌कन बटण दाबलं गेलं, मग म्हणाले, "हं, आता करा नमस्कार जवाईबापू. सुखी राहा." तोवर माझी कंबर धरली होती.

बाजारात भरलेल्या कॅसेटी मिळत नव्हत्या असं नाही. पण मामाजींच्या लेखी विकतचं गाणं म्हणजे हॉटेलातलं वरण. रेडिओवर दबा धरून आपल्या हातानं पकडलेलं गाणं तेच खरं. रेडिओला वायर जोडूनही भरता येतं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "वायरीत गाणं गुदमरते जी," म्हणाले. गाणं बिचारं मोकळ्या हवेतून टेपात जायचं आणि जाताना वाटेत भेटेल त्याला सोबत घेऊन जायचं. शेजारच्यांची बकरी, कुणाचा कुकर, सायकलची घंटी. त्यातून मामाजींचं बालाघाटातलं घर लालबर्र्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यासमोर. लालबर्र्याच्या राइस मिलमध्ये मुनीम होते, तेव्हा त्यांना ते सोयीचंच होतं, पण कंडक्टर काही तर्जनीला भीक घालत नसे. त्यामुळे त्यांच्या सगळ्यांत लाडक्या विरहगीतात, नायिका रडून थांबते आणि सतार सुरू व्हायची असते, नेमकं तिथे खणखणीत आवाज येतो, "लालबर्रा, लालबर्रा, चलो सिवनी!"

ऐकून ऐकून मामाजींना कंडक्टर त्या गाण्यातलाच वाटू लागला होता. लांजीला एका लग्नात डीजेवाल्यानं ते गाणं लावलं. मामाजी जेवता जेवता थांबले, हात न धुता उठले आणि त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "काहून भाऊ, गाणं मधातून कापलं काहून?" तो म्हणाला, "चाचा, पूरा गाना है." "पूरा कुठी हाय? बस कुठी गेली?" डीजेवाला आपल्या पोरांकडे बघायला लागला. मी मामाजींना पानावर परत आणून बसवलं, तरी जिलेबी खाताना ते पुटपुटतच होते.

मी हौसेनं एकदा त्यांना नवा फोन घेऊन दिला, हजारो गाणी आहेत म्हणून सांगितलं. एक गाणं त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "आवाज एकदम साफ हाय जी. पण कोणाच्या घरचं हाय हे?" त्यांचा जीव कॅसेटींत. पावसाळा सरला की त्या उन्हात बसायच्या. एखादीची फीत टेपात अडकून आतडी बाहेर आली, की मामाजी ती बाजेवर शेवयांसारखी पसरायचे आणि पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळायचे. फीत तुटली तर जोडायला नखपॉलिश. ती बाटली मामीजींच्या नावानं घरात यायची, पण मामीजींच्या नखांना कधी लागलेली मी पाहिली नाही.

मामीजींबद्दल सांगायचं राहिलंच. या घरात मूलबाळ नव्हतं. माझ्या बायकोवर दोघांचा जीव, तिच्या सगळ्या सुट्ट्या इथेच गेल्या. मामीजी तशा बोलक्या, अगदी अखंड बोलणाऱ्या. पण तर्जनी उठली की भाजीतला झारा अधांतरी थांबायचा, तोंडातलं वाक्य तोंडातच राहायचं. भाजी करपली तरी हूं की चूं नाही. गाणं संपून मामाजींचं बोट रेकॉर्डिंगच्या लाल बटणावरून निघालं की एक मोठा श्वास सोडून विचारायच्या, "झालं का वो?" मामाजी म्हणायचे, "हौ, झालं." मग राहिलेलं वाक्य पुढे सुरू. आपल्या बोटाचा मामाजींना फार अभिमान. "शेवटला ठेका पडला का खट्‌! फालतू आवाजाचा एक कण मधात जाऊ देत नाही." मामीजींना तर यंत्रापुढे गप्प बसायची अशी सवय जडली, की पुढे कुणी व्हिडिओ काढायला फोन समोर धरला तरी त्या ओठ मिटून, हात बांधून उभ्या राहायच्या. आम्ही हसायचो.

मागच्या वर्षी मामीजी गेल्या. तेरवी झाली, माणसं पांगली, आणि मामाजींनी कॅसेटींची पेटी खाली काढली. आम्हाला वाटलं, मन रमवताहेत. पण ते गाणी ऐकत नव्हते. मुखडा लागला की टेपाला कान लावायचे, गाणं संपलं की दुसरी कॅसेट. बायकोनं विचारलं, "मामाजी, का शोधून राह्यले?"

"तुह्या मामीचा आवाज," ते म्हणाले. "बकरी सापडली. कुकर सापडला. तू लहानपणी रडलीस, थेही सापडलं. आन् थेच नाही. असं कसं माय? थे तं इथंच राहे, चुलीपाशी."

आमच्या फोनमधले सगळे व्हिडिओ आम्ही पाहून टाकले. सगळ्यांत मामीजी होत्या, आणि सगळ्यांत गप्प.

परवा आम्ही गेलो तर मामाजी दारातच उभे होते. आम्हाला आत नेलं, टेप लावला. तेच विरहगीत. नायिका रडली, कंडक्टर ओरडला, सतार वाजली, गाणं संपलं. शेवटच्या ठेक्याला मामाजींनी माझं मनगट धरलं. एक मोठा श्वास ऐकू आला आणि मग, "झा..." खट्‌.

त्या एका दिवशी बोटाला जरा उशीर झाला होता. तेवढंच.

"अजून थोडा थांबलो असतो तं काय बिघडत होतं जी?" मामाजी मला म्हणाले. मग टेपाकडे वळून हळूच बोलले, "हौ वो, झालं." मला तिथे बसवेना, पण मनगट त्यांच्या हातात होतं.

काही वेळानं त्यांनी कोरी कॅसेट घातली, रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि टेप माझ्या बायकोपुढे सरकवला. "बोल माय. काहीबी बोल." तीही त्याच तर्जनीच्या धाकात वाढलेली. यंत्र पुढे आलं तशी गप्पच बसली. फीत फिरत राहिली. बाहेर लालबर्र्याची बस लागली, तिचा पुकारा होऊन ती निघूनही गेली. शेवटी तिनं डोळे पुसले आणि जे सुचलं ते विचारलं, "मामाजी, जेवले का तुमी?"

मामाजींनी मान हलवली. बोट बंद करायच्या बटणाजवळच होतं, पण त्यांनी ते दाबलं नाही. "आनखी बोल," म्हणाले.