भिंतमामांचा तळहात

जर्मनीत आमचं घर टिकलं ते भिंतमामांमुळे. आधी त्यांचं नाव लिहून ठेवते, मग काय झालं ते सांगते. कारण ते सांगायला बसले की मला अजूनही इतका राग येतो, की माणूस मागे राहतो आणि रागच पुढे धावतो.

भिंतमामा हे नाव माझ्या मुलीनं ठेवलेलं. कुणाच्याही घरी गेले तरी हे गृहस्थ आधी 'कसे आहात' म्हणत नसत. बूट काढायचे, आत यायचे आणि उजव्या हाताचा तळवा भिंतीवर टेकवून गप्प उभे राहायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात ना, तसा. मग "हं, बरी आहे" असं स्वतःशीच म्हणून माणसांकडे वळायचे. मुलगी इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. पहिल्याच दिवशी ती ओरडली, "वांड-ओंकेल!" मी म्हटलं, "ओंकेल काय? मी त्यांना दादा म्हणते, तुझे मामा लागतात ते." तेव्हापासून भिंतमामा. त्यांनाही ते इतकं आवडलं की फोनवर स्वतःच सांगायचे, "भिंतमामा बोलतोय."

ते पुण्याचे, इंजिनिअर. नेकारसुल्मच्या बाजूला गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवणारी एक लहान कंपनी होती, तिथे कामाला. नव्या गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे मारायचे आणि आत थेंब दिसला तर तो कुठून शिरला ते हुडकायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यामुळे त्यांची एक सवयच झाली होती. कुणी काही बिघडल्याचं सांगितलं की म्हणायचे, "पाणी कुठून आलं ते आधी विचारा. कुणामुळे आलं ते नंतर." इथल्या लोकांचं, आणि आपल्या लोकांचंही, नेमकं उलटं. आधी माणूस धरायचा, मग पाणी बघायचं. बघितलं तर बघितलं.

धरलेला माणूस मी होते.

मी करमाळ्याकडची. आठवीत शाळा सुटली. आमचे हे इथल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळतात. मी सकाळी एका वृद्धाश्रमात साफसफाईला जाते. गावाबाहेरच्या एका जुन्या घराचा तळमजला आम्हाला भाड्यानं मिळाला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. इथे घर मिळणं म्हणजे काय, ते शोधलेल्यालाच ठाऊक. पहिल्या हिवाळ्यात कपाटामागे, भिंतीच्या अगदी पायथ्याशी, काळे ठिपके आले. पुसले, परत आले. मुलगी रात्री खोकायला लागली. घरमालकाला कळवलं. तो आला, दारातच उभा राहून दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "तुम्ही फार शिजवता. तुमची ती पद्धत. वाफ, तेल, मसाले. आणि खिडक्या उघडत नाही." संपलं. त्यानं भिंत पाहिलीसुद्धा नाही. बुरशी गेली नाही तर घर सोडावं लागेल, एवढं मात्र जाताना सांगून गेला.

मी घाबरट बाई. मी ऐकलं. बाहेर बर्फ पडत असताना सकाळ-दुपार-संध्याकाळ खिडक्या सताड उघड्या टाकल्या आणि पोरीला स्वेटरवर स्वेटर घातले. फोडणी बंद केली. लसूण बंद. वरण आधीच मीठ टाकून, झाकण न काढता नुसतं शिजवलेलं. आमचे हे दिवसभर लोकांसाठी चमचमीत करायचे आणि घरी येऊन ते बिनफोडणीचं वरण गिळायचे. आणि एवढं करून ठिपके वाढतच होते.

संक्रांतीला आपल्या लोकांचा हॉलमध्ये कार्यक्रम होता. हळदीकुंकू झाल्यावर मी दोघी-तिघींना घरचं सांगितलं, सल्ला मागितला. एक म्हणाली, "अगं, इथे फोडणी द्यायचीच नाही. मी तर मोहरी आणतच नाही घरात." दुसरी म्हणाली, "मालक यायचा असला की मी दालचिनी उकळत ठेवते, त्यांना तो वास चालतो." तिसरी म्हणाली, "जमवून घ्यावं लागतं गं, आपण त्यांच्या देशात आहोत." शिकलेल्या बाया, चांगल्या नोकऱ्या करणाऱ्या, माझ्याशी अगदी प्रेमानं बोलत होत्या. मी मान हलवत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आणि भिंतीला दालचिनी चालते का?"

भिंतमामा हातात तिळाची वडी घेऊन उभे होते. चेहरा लाल. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लांबूनच म्हणाल्या, "अहो, सणाच्या दिवशी तरी नको." पण ते काही थांबेनात. "ताई, ठिपके कुठे आहेत? वर का खाली?"

"खाली. जमिनीला लागून."

"आणि स्वयंपाकघराचं छत?"

"कोरडं आहे."

"मग वाफ खाली जाते का?" हे त्यांनी मला नव्हे, त्या तिघींना विचारलं. "सगळे इंजिनिअर घरात आहेत ना तुमच्या? वाफ वर जाते की खाली? आल्झो, ठरलं तर! रविवारी येतो मी."

रविवारी ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले आणि तळवा भिंतीवर ठेवला. छातीच्या उंचीवर, मग गुडघ्याच्या, मग पालथे पडून अगदी फरशीला टेकवून. पोरगी हसून लोळत होती. मग त्यांनी जिन्याखालचा गालिचा उचलला. खाली लाकडी झडप होती. आम्ही तिच्यावर चपला ठेवायचो, कधी उघडली नव्हती. उघडली तशी ओल्या मातीच्या वासाची अशी भपकन लाट आली, की नांगरलेल्या रानात उभं राहावं. खाली क्रीशकेलर होतं. तळघर नव्हे, नुसती पोकळी, माणूस रांगत जाईल एवढीच. वर आमची फरशी आणि खाली उघडी काळी माती. बाहेरच्या भिंतीत हवेसाठी जाळ्या होत्या, त्यांत कुणीतरी चिंध्या कोंबून ठेवलेल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," भिंतमामा खालून ओरडले. "तुमचं घर मातीवर बसलंय, ताई. खालची माती श्वास सोडतेय आणि शिव्या तुमच्या कढईला!"

त्यांनी चिंध्या उपसल्या, जाळ्या मोकळ्या केल्या. म्हणाले, "वारा खेळला की सुकेल." वसंतात खरोखरच भिंत सुधारली. मी भीतभीत एक दिवस जिऱ्याची फोडणी दिली.

आणि उन्हाळ्यात, बाहेर अंग भाजणारं ऊन असताना, खाली सगळं पहिल्यापेक्षा ओलं झालं. पाइपांवरून थेंब गळायला लागले. आमच्या फरशीची फळी फुगली. घरमालक आला, फळीवर बुटाचं टोक आपटलं आणि म्हणाला, "फोडणी सुरूच आहे वाटतं. सप्टेंबर संपला की घर रिकामं करा." त्या 'वाटतं'ची मला आजही चीड येते. मुलीची शाळा, यांचं काम, सगळं त्या पत्त्याला बांधलेलं. कुठे जायचं होतं आम्ही?

भिंतमामा आले. तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग खुर्चीवर बसून म्हणाले, "ताई, हे मी केलंय."

मला कळेना. ते म्हणाले, "थंडगार पाण्याचा तांब्या उन्हाळ्यात बाहेर ठेवला की त्याला घाम येतो ना? खालची पोकळी म्हणजे तो तांब्या. मी जाळ्या उघडल्या आणि बाहेरची गरम दमट हवा आत घेतली. तिला तिथे घाम फुटला. रोज पाण्याच्या मागे धावणारा माणूस मी, आणि सगळ्यांसारखाच 'वारा खेळू दे' म्हणून मोकळा झालो."

एवढा मोठा माणूस आठवी शिकलेल्या बाईसमोर बसून माझं चुकलं म्हणत होता. आमच्या गावात नाही पाहिलं, इथेही नाही. मी घाईनं म्हटलं, "असू द्या हो, दादा." तर माझ्यावरच चिडले. "असू द्या काय? घर जाईल तुमचं! 'असू द्या' हा शब्दच टाका तुम्ही. सगळं त्याच्यातनंच मुरतं."

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. खाली मातीच्या एका तुकड्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरून कडेला विटा ठेवल्या आणि जाळ्या बंद केल्या. आणि आमची शेगडी बंद केली. अगदी चहासुद्धा नाही. "घरमालक येऊन बघेपर्यंत जेवायला आमच्याकडे. न्याहारी, जेवण, सगळं." मी संकोचले, तर वहिनी म्हणाल्या, "ये गं. हे तसेही कुणाशी तरी भांडत जेवतात, तू असलीस की निदान माझ्याशी नाही भांडणार." रोज आम्ही तिघं त्यांच्याकडे. वहिनी मुद्दाम सणसणीत फोडणी द्यायच्या, हिंग जरा जास्तच. किती दिवसांनी घशाला ठसका लागला. मी ठसक्याच्या नावाखाली रडून घेतलं.

जेवताना भिंतमामांनी माझ्याकडून एक जर्मन वाक्य पाठ करून घेतलं. "बेवाइझन झी दास, बिट्टे." म्हणजे, हे सिद्ध करून दाखवा, कृपया. मी म्हटलं, "तुम्हीच बोला ना, दादा. तुमचं जर्मन चांगलं आहे." ते म्हणाले, "मी बोललो तर तो माझ्याशी बोलेल. घर तुमचं आहे. आणि 'बिट्टे' विसरायचं नाही. त्याशिवाय चिडायची मजा नाही." भाजी वाढताना, भांडी घासताना, मी ते वाक्य म्हणत राहिले. पोरगी माझे उच्चार दुरुस्त करायची आणि हसायची.

घरमालक आला. भिंतमामांनी आधी, मी न सांगताच, स्वतःची चूक त्याला सांगितली. जाळ्या मी उघडल्या, त्यानं ओल वाढली. तो गालात हसला. ह्या माणसासमोर कशाला कबूल करायचं! मग तो माझ्याकडे वळून तेच बोलला, वाफ, तेल, मसाले, तुमची पद्धत. शेगडीवर धूळ होती, ती मी बोटानं त्याला दाखवली आणि म्हटलं, "बेवाइझन झी दास." आणि एक श्वास घेऊन, "बिट्टे."

भिंतमामांनी झडप उघडली आणि हात पुढे केला, आधी तुम्ही वाका म्हणून. त्या माणसानं आपल्या बापाच्या घराखाली जन्मात डोकं घातलं नव्हतं. गुडघ्यावर बसून, विजेरी घेऊन, आत वाकला. भिंतमामांनी प्लास्टिकचं टोक उचललं. वरची बाजू जवळपास कोरडी, आणि मातीकडच्या बाजूला पाणी नुसतं लोंबत होतं. टपटप त्याच्या बाहीवर पडलं.

"या बाई तुमच्या मातीत स्वयंपाक करतात का?" भिंतमामांनी शांतपणे विचारलं. एवढ्या शांतपणे बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर माणसं आली. सगळ्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, एकावर एक चढवून, सांधे चिकटवून, कडा भिंतींवर हातभर वर घेऊन. जाळ्यांना झाकणं बसवली. गार कोरड्या दिवसांत उघडायची, दमट उन्हाळ्यात बंद ठेवायची. फळी बदलली. हिवाळा आला नि गेला, ठिपके आले नाहीत, पोरीचा खोकला थांबला, घर राहिलं. घरमालकानं माफी मागितली नाही. जाताना म्हणाला, "आता तुम्ही शिजवू शकता." परवानगी देणारा हा कोण! माझ्या कढईला! मी हे भिंतमामांना सांगितलं, तर ते खदखदून हसले, "जा, जा, शिजवा! सरकारी मंजुरी मिळाली." मला हसू आलं नाही. अजून येत नाही.

पुढे त्यांची कंपनी बंद झाली आणि ते इंगोलश्टाटला गेले. निघताना रिकाम्या घरात प्रत्येक भिंतीवर तळवा ठेवून आले. भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायचे, ते तेवढं आता होत नाही. फोन होतात. पण मागच्या महिन्यात वहिनी फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. नवीन इमारतीत खालच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार केली आहे. जिन्यात वास येतो म्हणे, आणि कुठल्याशा भिंतीला ओल आली आहे, तीही यांच्याचमुळे. मी म्हटलं, "मग दादांनी काय केलं?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही गं. नवी नोकरी, अजून कायम नाहीत. वय झालं. म्हणाले, असू दे. मी मोहरी आणायची बंद केलीय."

असू दे! भिंतमामा म्हणाले, असू दे!

मी फोन ठेवला आणि कॅलेंडरवर भाऊबीज शोधली.

दादा, यंदा भाऊबीजेला मी येणार आहे. ओवाळणी भाऊ देतो, माहीत आहे मला. यंदा बहीण देणार. येताना मोहरी, हिंग आणि गावचा लसूण आणते. तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोडणी देते, मग खाली जाते, त्या ओल्या भिंतीवर तळहात ठेवते आणि तक्रार करणाऱ्या त्या बाईंना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये ते एकच वाक्य सांगते. 'बिट्टे' विसरणार नाही.