भिंगकाकांची ओके शीट

आमचे काका कोरियन मुलांचा नाच बघतात असं मी कुणाला सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग काकांचं वय विचारतात. सदुसष्ट. गाणी त्यांना धड ऐकूही येत नाहीत. चौतीस वर्षं छापखान्यात ऑफसेट मशीनशेजारी उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले. म्हणून ते गाणी ऐकत नाहीत, बघतात. मी सहा वर्षं त्या बँडमधल्या सात मुलांवर जीव टाकते आहे, त्यांचे वाढदिवस मला घरच्यांच्या वाढदिवसांआधी आठवतात, पण त्यांच्या नाचाबद्दलचं सगळ्यांत शहाणं वाक्य मी काकांकडून ऐकलं. एकदा माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत ते म्हणाले, "रजिस्टर बरोबर आहे पोरांचं."

छपाईत चार रंग एकावर एक छापतात. चारही नेमके एकावर एक पडले तर चित्र उठून दिसतं, आणि केसभर जरी सरकले तर चेहऱ्याला दोन नाकं येतात. या नेमकेपणाला काका रजिस्टर म्हणतात. सात जणांनी एकाच क्षणी मान वळवली आणि काका खुर्ची ओढून बसले. "मशीनला रोज जमत नाही हे," म्हणाले, "आणि ही तर माणसं आहेत. किती सराव करत असतील?" मी सांगितलं, दिवसाचे बारा-बारा तास, लहानपणापासून. काकांनी मोबाइलकडे अशा आदरानं पाहिलं की माझ्या आईलाही गप्प बसावं लागलं. आईच्या मते हे सगळं रिकामटेकड्यांचे धंदे आहेत. तिच्या मते मीही त्यातच मोडते, पण ते जाऊ दे.

आमच्यासारख्यांचा खरा जीव अडकतो तो फोटोकार्डात. अल्बम विकत घेतला की आत जाडजूड फोटोंचं पुस्तक असतं आणि त्यात कुठेतरी पत्त्याएवढं एक कार्ड, सातांपैकी एकाचा फोटो असलेलं. कुणाचं निघेल हे नशीब. मग हवं ते मिळेपर्यंत अदलाबदल करायची. आम्ही नऊ जणी महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या घरी जमतो. कार्ड द्यायचं ते दोन्ही हातांनी, किंचित वाकून, कोरियन लोक मोठ्यांना वस्तू देतात तसं. पहिल्यांदा हे बघून आई म्हणाली, "घरात पाण्याचा ग्लास एका हातानंही मिळत नाही."

या धंद्यात नकली कार्डं फार. खऱ्याचा फोटो काढायचा, छापायचा, विकायचा. साध्या डोळ्यांना काही कळत नाही. दोन जणी फसल्या, रडारड झाली, तेव्हा आतल्या खोलीतून काका आपलं छपाईचं भिंग घेऊन आले. अंगठ्याएवढं, पितळी, घडीचं. कार्ड खिडकीशी नेलं, उजवा डोळा भिंगाला लावला आणि सांगितलं, "खालची बारीक अक्षरं बघा. खऱ्या छपाईत काळं अक्षर ठोस काळं असतं, कडा कापल्यासारखी. नकलेत फोटोचा फोटो असतो, म्हणून त्याच अक्षरात रंगीत ठिपके दिसतात." आम्ही एकीमागून एक वाकून पाहिलं. खरंच ठिपके होते. त्या दिवसापासून ते भिंगकाका झाले आणि त्यांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय कार्ड हलायचं नाही असा नियम झाला.

त्यांचा थाट काय वर्णावा! टेबल खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद, हात धुतलेले. कार्ड पुढे करणारीला पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी भिंग पुसून दे." कार्ड खरं ठरलं की त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटावर एक गोल चिकटी लावायची, तिच्यावर तारीख आणि सही. छापखान्यात पहिला चांगला कागद निघाला की मशीनमन त्यावर सही करतो, ती ओके शीट. पुढचे हजारो कागद त्या एका कागदाशी ताडून बघतात. "सही केली म्हणजे मान अडकवली," काका सांगायचे. "नंतर चूक निघाली तर मशीनकडे बोट दाखवायचं नाही."

मला काका आमच्या त्या सात मुलांसारखे वाटायचे. कोरियन, जपानी, थाई, मी सगळं बघते, आणि मला नुसतं देखणेपण नाही आवडत. कुणीतरी एक बारीकशी गोष्ट जीव तोडून नीट करतं ना, ते आवडतं. आणि चुकलं तर मान खाली घालतात. आमच्या सातांतल्या एकानं एकदा काहीतरी उद्धट बोलल्याबद्दल हातानं माफीपत्र लिहिलं, तिकडे तशी रीतच आहे. मी रडत रडत ते काकांना दाखवलं. काकांनी पत्र मोठं करून बघितलं. "एक खाडाखोड नाही," म्हणाले. "म्हणजे आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. माफी कच्चीच द्यावी गं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो.

आता शिट्टीची गोष्ट. शिट्टी आमच्यातली सगळ्यांत अबोल. लाँड्रीत काउंटरवर काम करते, आणि कपड्यांना चिठ्ठ्या लावता लावता सगळा अल्बम शिट्टीवर वाजवते, म्हणून हे नाव. तिची ताई परदेशात नर्स आहे. तिनं शिट्टीच्या वाढदिवसाला अल्बम पाठवला आणि त्यात असं कार्ड निघालं की आम्ही आठही जणी ते बघायला एकमेकींवर पडलो. निळसर पांढऱ्या पार्श्वभूमीवर सातांतला सगळ्यांत धाकटा. आमच्यात कुणाकडेच ते नव्हतं. शिट्टीला अदलाबदल करायची नव्हती. तिला फक्त काकांची चिकटी हवी होती. तिनं भिंग पुसलं आणि दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं.

काकांनी उजवा डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. पांढरा पिवळट आहे म्हणाले, निळा मेलेला आहे म्हणाले, अक्षरांच्या कडा फुटल्या आहेत म्हणाले. कुणीतरी विचारलं, परत एकदा बघता का? "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" काका म्हणाले. आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस जेवढ्या मोठ्यानं बोलतो तेवढ्या मोठ्यानं त्यांनी निकाल दिला: "नकली!"

जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्यांनीही तो ऐकला असेल. शिट्टी म्हणाली, "ताईनं दुकानातून घेतलंय हो." काकांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. आणि मी, जी एरवी भांडायला कारण शोधत असते, ती मान डोलवत म्हणाले, "काका चुकत नाहीत." कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. शिट्टीनं कार्ड उचललं, एका हातानं, आणि ती गेली. पुढच्या महिन्यात आली नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरूनही निघून गेली.

त्याच दिवसांत काकांचं छपाईशी भांडण चालू होतं. रोजच्या वर्तमानपत्राचं रजिस्टर सरकलंय, दिनदर्शिकेची शाई भिकार आहे, औषधाच्या खोक्यावरचा पांढरा म्हणजे हळद. त्यांनी वर्तमानपत्राला एक पत्रही धाडलं. आम्ही हसलो. म्हातारपणी सगळ्यांनाच वाटतं, आपल्या वेळी बरं होतं.

मग एका दुपारी मी माझी कार्डं टेबलावर मांडून पुसत होते. काकांनी सहज एक उचललं, पाकिटातून काढलं, भिंगाखाली धरलं आणि चुकचुकले. "तुलाही गंडवलं की गं कुणीतरी. हे नकली आहे."

मी रिकामं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यावर गोल चिकटी होती. गेल्या वर्षीची तारीख आणि काकांची सही.

काकांनी सही पाहिली. परत कार्ड पाहिलं. मग, चौतीस वर्षांत कधी केलं नसेल ते केलं. भिंग डाव्या डोळ्याला लावलं. उजवा, डावा, उजवा, डावा. "डाव्यानं पांढरं दिसतंय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "त्या पोरीचं कार्ड खरं होतं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. उजव्यात बराच पिकलेला, डाव्यात सुरुवात. ऑपरेशनची तारीखही द्यायला निघाले. काका म्हणाले, "त्याच्याआधी माझं एक काम आहे."

मी त्यांना समजावलं. मी निरोप देते, ग्रुपवर लिहिते, तुम्ही कशाला? आतून मला लाज वाटत होती आणि ती मला निरोपाच्या आड लपवायची होती. काका भडकले. "मी फोनवर नकली म्हणालो होतो का? आठ जणींसमोर म्हणालो. मग तेवढ्याच जणींसमोर परत घेईन. बोलव सगळ्यांना."

शिट्टी काही यायला तयार नव्हती, म्हणून आम्ही सगळ्या लाँड्रीत गेलो. दुपारची वेळ, इस्त्रीच्या वाफेचा वास, काउंटरमागे पाकिटबंद शर्टांची रांग. शिट्टी चिठ्ठ्या लावत होती. शिट्टी वाजत नव्हती. आम्हाला बघून तिनं चेहरा असा केला की तिथूनच माघारी फिरावं असं मला वाटलं.

काकांनी खिशातून कागद काढला. वहीचं पान, आणि त्यावर मुंग्या सांडाव्यात तशी खाडाखोड. कच्चं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि दुकान दणाणून सोडणाऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "तुझं कार्ड खरं आहे. खोटा माझा डोळा होता. तू ताईचं नाव घेतलंस, ते मी ऐकलं नाही. ऐकू आलं नाही हे खरं आहे, पण मी विचारलंही नाही." पुढे एक ओळ खोडलेली होती. ती ओलांडून त्यांनी वाचलं, "कुणी परत बघा म्हणालं, तेव्हा मला राग आला. चांगल्या मशीनमनला तेव्हा राग येत नाही. मी आता चांगला मशीनमन राहिलो नाही. माफ कर." आणि मग हा सदुसष्ट वर्षांचा माणूस काउंटरवर एक हात टेकून वाकला, पाठीनं परवानगी दिली तेवढा. कपडे घ्यायला आलेल्या बाईंनी पिशवी खाली ठेवली.

माझी पाळी आहे हे मला कळत होतं. "मीही," म्हणाले. "मी तर ऐकलं होतं."

शिट्टीनं आमच्याकडे पाहिलं नाही. चिठ्ठीच्या दोऱ्याला गाठ मारत ती म्हणाली, "मी ताईला बोलले. तिकडे एवढं चांगलं दुकान असून मला नकली पाठवलंस म्हणाले. ती म्हणाली, मी दोन तास रांगेत उभी होते. मी म्हणाले, खोटं बोलू नकोस. दोन महिने झाले, आम्ही बोलत नाही."

मी ते काकांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. काकांच्या मनात सगळ्या शक्यता असतील, पण ही नव्हती. एका शब्दानं आपण पोरीचा रविवार घालवला एवढंच त्यांना वाटत होतं. बहीण तुटली हे माहीत नव्हतं. ते काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "कार्ड आहे का अजून?"

होतं. काउंटरच्या खणात, बिलबुकाखाली. फेकवलं नाही म्हणाली, पण बघवतही नाही. आम्हाला वाटलं काका आता डाव्या डोळ्यानं बघतील, चिकटी लावतील आणि सही करतील. त्यांनी चिकटी काढली, पण कोरी. भिंग काढलं, रुमालानं नीट पुसलं, आणि दोन्ही हातांनी शिट्टीपुढे धरलं.

"तू बघ," म्हणाले. "माझ्या सहीला आता काही किंमत नाही. खालची बारीक अक्षरं बघ."

शिट्टी दारातल्या उजेडात गेली. वाकली. आम्ही आठ जणी, इस्त्रीवाला, पिशवीवाल्या बाई, सगळे तिच्याकडे बघत होतो. "काळी आहेत," ती म्हणाली. "ठोस काळी. कडा कापल्यासारखी." आणि रडायला लागली. काकांनी तिला पेन दिलं. तिनं चिकटीवर तारीख घातली आणि स्वतःची सही केली. मग मोबाइल काढला आणि आमच्याकडे पाठ करून ताईला फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा उचलला गेला.

काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आता पाच महिने झाले. वर्तमानपत्राला त्यांनी दुसरं पत्र पाठवलं, तुमचं रजिस्टर ठीक आहे म्हणून. भिंग मात्र परत घेतलं नाही. रविवारी खिडकीपाशी शिट्टी बसते. काका आमच्याबरोबर रांगेत उभे राहतात, कारण मध्यंतरी त्यांनी स्वतःसाठी एक अल्बम मागवला, आणि त्यात निघालेलं कार्ड खरं की खोटं हे त्यांना तिच्याकडून हवं होतं. पाळी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं.

शिट्टीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "काका," ती मोठ्यानं म्हणाली, "आधी भिंग पुसून द्या."

काकांनी खिशातून रुमाल काढला.