माझगावची खोली

१९३४ साली नंदुरबारची साबिरा जहाजावरच्या नवऱ्याला भेटायला मुंबईला निघाली. हारुनला तीन वर्षांनी एकच दिवस सुटी होती.

"डोंगरीमा तुन्ही सख्खी खाला शे," सासू म्हणाली. "बंदरवर काय मासा तुन्हा नातलग शेतस?"

"खालाकडून दर्या दिखत नही, अम्मी."

खाला रुसेल म्हणून साबिराने तिला कळवलंच नाही. माझगावच्या भाड्याच्या खोलीतून तिला जहाज येताना दिसलं. दिवसभर ती गोदीच्या दारात उभी राहिली. हारुन दुसऱ्याच दाराने बाहेर पडला होता. आपली माणसं असताना साबिरा परक्या मोहल्ल्यात उतरेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

जहाज सुटल्यावर ती डोंगरीत गेली. खाला म्हणाली, "संध्याकाळपर्यंत बसला होता बिचारा. मीच सांगितलं, साबिरा आली नाही."