पंतप्रधानांचं फुगलेलं टेबल

"हे टेबल मध्ये फुगलंय," हॅरिस म्हणाला आणि त्याने हातातली मोजायची टेप सुळकन बंद केली. "मी सही केली ती सरळ टेबलाच्या ड्रॉइंगवर."

त्याचं म्हणणं खरं होतं. आणि उद्घाटन परवावर आलं होतं.

दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमचं वर्कशॉप आहे. आम्ही प्रदर्शनांचे सेट बनवतो. भिंती खोट्या, फर्निचर खरं. मी मूळची वसईची, इथे प्रोजेक्ट मॅनेजर. हॅरिस दुबईच्या इव्हेंट कंपनीतला, म्हणजे आमचा क्लायंट. प्रदर्शन होतं एका ब्रिटिश पंतप्रधानांवर. संप, बंद कारखाने, अंधारात बुडालेली घरं, रस्त्यावर पोलीस आणि जमाव आमनेसामने, अशा दिवसांत देश कसा हाकला त्याची गोष्ट. त्यांचं नाव काढलं की हॅरिसच्या ऑफिसातच दोन तट पडायचे, म्हणून मीही काढत नाही. आमच्याकडे काम होतं त्यांच्या मंत्रिमंडळाच्या खोलीचं. लांबलचक टेबल, भोवती खुर्च्या, त्यांतल्या एकाच खुर्चीला हात. ती पंतप्रधानांची.

आमच्या धंद्यात शॉप ड्रॉइंग म्हणजे बायबल. वस्तू बनवण्याआधी मापांसकट नकाशा काढायचा, क्लायंटची सही घ्यायची आणि मग त्यातला मिलिमीटरही हलवायचा नाही. आमचे फोरमन शौकतभाई यांनी टेबल मध्यावर चांगलं दोन वीत जास्त रुंद केलं होतं.

आमचे मालक फादीसाहेब लेबनॉनचे. ते केबिनमधून तरातरा आले. "शौकत, ये क्या है?"

"साहेब, फोटो देखो. असली टेबल ऐसा ही है."

"फोटो नहीं, ड्रॉइंग! किसने बोला चेंज करने को?"

शौकतभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैंने किया."

आता खरं सांगते. आठवड्यापूर्वी ते त्या खोलीचा फोटो घेऊन माझ्याकडे आले होते. "मॅडम, हे टेबल सीधं नाहीये. माझा बाप राजापूरला होड्या बांधायचा. ही लाइन मी ओळखतो. मध्ये पोट आहे, दोन्ही टोकांना निमुळतं." मी फोनवर होते. "फोटोसारखं दिसलं म्हणजे झालं," असं बोलून मी त्यांना वाटेला लावलं. हॅरिसला मेल टाकायला हवा होता. टाकला नाही.

"फादीसाहेब, परमिशन मी दिली होती," मी म्हटलं.

"लिहून?"

"नाही, तोंडी."

"तर मग खलास. आज कापून सरळ करा. आणि शौकत, तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय ना? रिन्यूअलचा पेपर माझ्या टेबलावर आणू नकोस."

बावीस वर्षं या माणसाने इथे लाकूड कापलं. मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणि माझ्या आळसापायी त्यांना घरी पाठवणार! मला स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला. करवतीचं मशीन सुरू करायला माणूस गेलासुद्धा.

हॅरिस टेबलाच्या टोकाशी मी ठेवलेल्या हाताच्या खुर्चीत बसला. "इथून बघा. मधली बाजू बाहेर येते. मंत्री सरळ रांगेत दिसणारच नाहीत." मग तो थबकला. "पण ही खुर्ची इथे का आहे? पंतप्रधान मध्ये बसतात, फायरप्लेसकडे पाठ करून."

ही चूक शंभर टक्के माझी. आमच्याकडे मोठा साहेब टेबलाच्या टोकाला बसतो. फादीसाहेब बसतात, बँकेचा मॅनेजर बसतो, आमच्या चर्चच्या कमिटीत फादरही तिथेच. लिस्टमध्ये "पंतप्रधानांची खुर्ची" वाचलं आणि फोटोकडे न बघता मी ती टोकाला लावून टाकली.

"मशीन थांबवा!" मी ओरडले.

खुर्ची उचलून लांब बाजूच्या मधोमध आणली. शौकतभाईंना म्हटलं, "सगळ्या पोरांना बोलवा. यल्ला, चला लवकर!" वीसेक सुतार भुसा झटकत आले आणि दोन्ही बाजूंना बसले. हाताच्या खुर्चीत मी हॅरिसला बसवलं.

"आता तुमच्याच रांगेतला शेवटचा माणूस बघा."

त्याने मान वळवली. टेबल टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, त्यामुळे शेजाऱ्यापलीकडचा प्रत्येक जण थोडा थोडा आत सरकलेला. शेवटच्या माणसापर्यंत सगळे चेहरे मोकळे दिसत होते. हॅरिसने दुसरीकडे पाहिलं, समोर पाहिलं. एक पोरगा टेबलाखाली मोबाइल बघत होता, तोसुद्धा सापडला.

"सरळ टेबलावर बाजूची दोन डोकीच दिसली असती," मी म्हटलं. "तुमच्याच माहितीपत्रात आहे ना, निम्मे मंत्री म्हणत होते माघार घ्या, निम्मे म्हणत होते ठाम राहा? मग पंतप्रधानांना कोण मान डोलावतोय आणि कोण खाली बघतोय, हे दिसायला नको?"

हॅरिस उठला. त्याने टेबलाचा फोटो काढून जुन्या ड्रॉइंगसकट लंडनला त्यांच्या इतिहासतज्ज्ञ बाईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. ते त्याने मोठ्याने वाचलं, हा त्याचा मोठेपणा. "टेबल अगदी बरोबर आहे. सरळ कुणी काढलं होतं?"

सरळ काढलं होतं हॅरिसच्या डिझायनरने.

वर्कशॉपमध्ये असा काही आरडाओरडा झाला की शेजारच्या पाइप कंपनीचे लोक दारात येऊन उभे राहिले. शौकतभाई नुसते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होते. मला मात्र नाचावंसं वाटत होतं, आणि थोडी नाचलेही.

हॅरिसने तिथेच नव्या ड्रॉइंगवर सही केली. फादीसाहेब जरा वेळ टेबलाभोवती फिरले. मग म्हणाले, "शौकत, वो व्हिसा का पेपर लेके आ." दोन वर्षांचा शिक्का बसला. तिसऱ्या दिवशी उद्घाटनही वेळेवर झालं.

त्यानंतर आमच्या शॉप ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात मी एक चौकट वाढवली. क्लायंटची सही, मॅनेजरची सही, आणि तिसरी फोरमनची. शौकतभाई सही करण्याआधी ओरिजिनल फोटो मागतात. मी आता फोन ठेवते आणि मग दाखवते.